मनगट

बँकेत कॅशला बसणाऱ्याच्या टेबलावर एक गोल प्लॅस्टिकची डबी असते आणि तिच्यात पाण्यात भिजवलेला स्पंज. नोटा मोजताना बोटं कोरडी पडली की त्यावर टेकवायची आणि पुढं मोजायचं. मी २००४ साली बँकेत लागले तेव्हा मोजणीची यंत्रं आलेली होती, पण आमचे हेड कॅशियर जुन्या वळणाचे. हातानं एकदा मोजल्याशिवाय गड्डीला रबर लावू द्यायचे नाहीत. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा स्पंज कोरडाच दिसतोय." मी म्हटलं, "लागत नाही सर." त्यांनी मान हलवली. "हात चांगला आहे तुमचा."

त्या हाताला आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी.

माझ्या तळहातांना पाणी सुटतं. 'घाम येतो' असं आमच्या घरात कुणी म्हणायचं नाही. घाम कपाळाला येतो, पाठीला येतो. हाताला पाणी सुटतं, चिरलेल्या काकडीला मीठ लावल्यावर सुटतं तसं. त्याला उन्हाळा-हिवाळा नाही. महाबळेश्वरला डिसेंबरात दात वाजत असताना सुटलंय आणि एसी सोळावर असलेल्या मीटिंगमध्येही. आधी बोटांच्या बेचक्यांत थंडगार मुंग्या येतात, मग रेषांमध्ये बारीक थेंब उभे राहतात, आयुष्यरेषेत जरा जास्तच. पाच मिनिटं मूठ मिटून उघडली की थेंब खाली पडतो. तळपायांचंही तेच, त्यामुळं चप्पल भर उन्हात निसटते. पण पाय कुणी हातात घेत नाही, म्हणून पायांचं मी फारसं मनावर घेतलेलं नाही.

शाळेत माझ्या वहीची पानं खालच्या कोपऱ्यात तळलेल्या पापडासारखी फुगलेली असायची. शाईपेनानं लिहिलं तर अक्षर पसरायचं, बॉलपेननं लिहिलं तर ओलसर कागदावर ते उठायचंच नाही. म्हणून हाताखाली कायम रुमाल. १९९७ च्या मार्चमध्ये दहावीच्या मराठीच्या पेपरला सुपरवायझरनी तो रुमाल उचलला, दोन्ही बाजूंनी झटकून बघितला. कॉपी काही पडली नाही. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. आवाज एकदम मऊ करून म्हणाले, "घाबरू नकोस बाळ, सोपा आहे पेपर." मी घाबरलेले नव्हते. मराठी माझा हातखंडा विषय. पण ते तसं म्हणाले, पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या, आणि मग पेपर संपेपर्यंत मी खरोखरच घाबरलेली होते. निबंधाच्या पानावर दोन ठिकाणी शाई पसरली. तपासणाऱ्याला ते अश्रू वाटले असतील तर त्याचे एखाद-दोन मार्क जास्त मिळाले असतील, कुणास ठाऊक.

ओला हात दिसला की लोकांना दोनच गोष्टी सुचतात. पोरगी घाबरलीय, नाहीतर काहीतरी लपवतेय. यात लोकांचंही फार चुकत नाही. खोटं पकडायच्या यंत्राच्या ज्या तारा बोटांना लावतात त्या हेच मोजतात, की घामामुळं कातडीतून वीज किती सहज जातेय. मला त्या खुर्चीत बसवून माझं नाव विचारलं तरी सुई उडेल.

सगळेच असे नव्हते. नववीत प्रयोगशाळेत निळा लिटमस द्रावणात बुडवायच्या आधी माझ्या चिमटीतच गुलाबी झाला. शेजारचा मुलगा हसला. बाईंनी काहीही न बोलता दुसरी पट्टी काढली आणि सोबत एक छोटा चिमटा माझ्यापुढं ठेवला. पुढचं वर्षभर माझ्या जागेवर तो चिमटा आधीच ठेवलेला असायचा. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

खरी गोष्ट फुगडीची आहे. ती सांगायची मी इतकी वर्षं टाळलीय.

१९९३ चा श्रावण. सांगलीला मोठ्या मावसबहिणीची पहिली मंगळागौर. मी बारा वर्षांची. रात्री जागरणाला झिम्मा झाला, पिंगा झाला, सुपं नाचवून झाली आणि मग फुगड्या सुरू झाल्या. माझ्याच वयाची दुसरी मावसबहीण, तिच्याबरोबर माझी जोडी. फुगडीत पाय समोरचीच्या पायाला भिडवायचे, हातांची अढी घालायची आणि अंग सरळ मागं टाकून द्यायचं. एकदा वेग आला की आपला सगळा भार समोरचीच्या हातात आणि तिचा आपल्या. मला फुगडी आवडायची कारण वेगात भिंती पुसट होतात, माणसं पुसट होतात, आणि आपण कशा दिसतोय हे काही आपल्याला कळत नाही. बायका टाळ्या वाजवत होत्या. मला हात सरकतोय हे कळत होतं. थांब म्हणावं असंही वाटलं. पण थांबायचं कारण काय सांगणार? मी बोटं आवळली. आवळली की पाणी आणखी सुटतं हे तेव्हा माहीत नव्हतं. एक गिरकी, दुसरी, आणि माझ्या हातातून तिचा हात साबणाच्या वडीसारखा निघून गेला.

मी मागं बायकांच्या मांडीत पडले. ती चौरंगाच्या कोपऱ्यावर. भुवईवर दोन टाके पडले. मला कुणी रागावलं नाही. गर्दीतून एवढंच ऐकू आलं, "हिच्या हाताला तेल लागलंय की काय?" आणि आजीच्या वयाच्या कुणीतरी म्हणालं, "मी तरी म्हणत होते, पोरींनो, मनगटं धरा." तेलाचं वाक्य मी तीस वर्षं जपून ठेवलं. मनगटाचं त्याच रात्री विसरले. मावसबहिणीची भुवई अजून त्या जागी तुटलेली आहे. ती तिथं पेन्सिल फिरवते. लग्नकार्यात भेटली की गळ्यात पडते, आणि मी तिच्या भुवईकडं न बघायचा सराव करते.

त्यानंतर मी हात काढून घ्यायला शिकले. हे शिकावं लागतं, त्याचा अभ्यास आहे. प्रसाद रुमालात घ्यायचा, भक्तिभाव दिसतो. संक्रांतीला तिळाचा हलवा हातात ठेवायचा नाही, लगेच तोंडात, नाहीतर साखर विरघळून मुठीत पाक होतो. हळदीकुंकवाला बोटानं लावलेलं कुंकू समोरचीच्या कपाळावर ओघळतं, म्हणून "मी पानसुपारीचं बघते" म्हणून उठायचं. रांगोळी अजिबात नाही. चिमटीत रांगोळीची कणीक होते आणि रेघ पडते ती गोगलगाय चालल्यासारखी. तीर्थाला मात्र मी सगळ्यांच्या पुढं. एकदा पळीभर पाणी तळहातावर पडलं की पुढचं ओलं कुणाचं, हे देवालाही सांगता येणार नाही. कॉलेजात थंड पाण्याची बाटली धरून फिरायचे, त्या बाटलीला बाहेरून फुटलेल्या पाण्यावर माझं पाणी खपून जायचं. कपडे गडद, कुडत्याला खिसे, पर्समध्ये चार रुमाल, दोन ओले आणि दोन कोरडे अशा वेगळ्या कप्प्यांत. बसमध्ये दांडी धरताना सगळ्यात शेवटची, कारण माझ्यानंतर तिथं हात ठेवणाऱ्यानं हात काढून बघितला तर मला तो बघताना दिसू नये.

पाणी सुटण्याचा एवढा त्रास नव्हता. वही खराब होते, दुसरी आणता येते. पण कुठल्याही ठिकाणी जायच्या आधी मनात सगळी खोली फिरून यायची: हस्तांदोलन करणारे किती, टेबल काचेचं की लाकडाचं, माइक हातात धरायचा की उभा केलेला. मैत्रिणीच्या साखरपुड्याला मी गेले नाही, पोट बिघडलं म्हणून सांगितलं. ती मेंदी काढायला सगळ्यांना बसवणार होती. तिनं बोलणं कमी केलं. तिला वाटलं मी जळते.

चरकसंहितेत घाम वाहून नेणाऱ्या स्रोतसांचं वर्णन आहे आणि ती कशानं बिघडतात याची कारणंही दिलीत: अति व्यायाम, अति ऊन, थंड-गरम कसंही सेवन करणं, आणि शेवटी क्रोध, शोक, भय. ही शेवटची तीन वाचून मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. नाट्यशास्त्रानं तर घामाला आठ सात्त्विक भावांमध्ये बसवलंय. कीर्तनकार 'अष्टसात्त्विक भाव दाटून आले' म्हणतात ना, त्यात अश्रू आहेत, रोमांच आहेत, गळा दाटून येणं आहे, अंग कापणं आहे, आणि स्वेद म्हणजे घामही आहे. पण अश्रूंवर किती ओव्या आणि किती अभंग! रोमांचांवरही. घामाच्या वाट्याला आला रुमाल. मराठीत त्याला प्रतिष्ठा आहे ती फक्त कष्टाची. घाम गाळावा, घामाचा पैसा खावा. खुर्चीत बसून कुणाच्याही कामाला न येता येणाऱ्या घामाला आपल्याकडं 'फुटतो' म्हणतात, तोही दरदरून.

डॉक्टरकडं गेले ती सव्विसाव्या वर्षी, लग्न ठरल्यावर. तोपर्यंत हा आजार असतो आणि त्याला नाव असतं हेच डोक्यात नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञ बाई होत्या. लहानपणापासून आहे का, दोन्ही हातांना सारखंच येतं का, असे प्रश्न विचारत त्यांनी कागदावर लिहिलं: हायपरहायड्रोसिस. माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि त्या तळहात-तळपायांवर सगळ्यात दाट असतात. माझ्या ग्रंथी इतरांसारख्याच, तेवढ्याच. त्यांना हुकूम देणाऱ्या नसा मात्र ऊठसूट हुकूम सोडतात. त्यातून तळहाताच्या ग्रंथी उन्हापेक्षा मनाचं जास्त ऐकतात, म्हणून हिवाळ्याचा उपयोग नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शंभरात जवळपास तीन जणांना हा त्रास असल्याचं आढळलं होतं. हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी काउंटरसमोरच्या रांगेकडं बघत बसले. ह्यांच्यातलं कोण? पासबुक रुमालात गुंडाळून आणलेले ते काका? चेक कोपऱ्याला धरून पुढं करणारी ती मुलगी?

बाईंचा शेवटचा प्रश्न होता, "घरात आणखी कुणाला आहे?" मी ठामपणे नाही म्हणाले. संध्याकाळी आईला सगळं सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता हसायला लागली. "अगं, तुझ्या बाबांना नाही का?"

मी सव्वीस वर्षं त्या घरात राहत होते.

"पाणिग्रहणाला भटजींनी हातात हात दिला," आई म्हणाली, "मला वाटलं, आत्ताच कन्यादानाचं उदक सोडलंय, त्यानं ओला असेल. नंतर सप्तपदी झाली, जेवणं झाली, वरात निघाली, तरी ओलाच."

बाबांचा डाव्या मुठीतला घडीचा रुमाल मी लहानपणापासून बघत आले होते. तो मला त्यांच्या चष्म्यासारखा त्यांच्या अंगाचाच भाग वाटायचा. स्कूटरच्या मुठींना त्यांनी जुन्या टॉवेलच्या पट्ट्या शिवून घेतल्या होत्या. आणि रस्ता ओलांडताना ते माझा हात धरायचे नाहीत, मनगट धरायचे. इतर मुलींचे बाबा बोट द्यायचे, पंजा द्यायचे. माझे मनगट पकडायचे, पोलीस धरतात तसं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की यांना माया कमी आहे.

त्या रात्री बाबांशी बोलणं झालं नाही. आमच्याकडं असली बोलणी होत नाहीत. पण हळूहळू, दिवाळीच्या फराळावर, गाडी सर्व्हिसिंगला टाकून परतताना, तुकड्यातुकड्यांनी त्यांची गोष्ट कळली. बाबा चिंचवडला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते आणि तिथून त्यांना मोजमापाच्या खोलीत बढती मिळाली. तिथं स्लिप गेज असतात. पोलादाचे छोटे चौकोनी ठोकळे, मायक्रॉनच्या हिशेबात घासून गुळगुळीत केलेले, इतके की दोन ठोकळे एकमेकांवर दाबून फिरवले तर चिकटून बसतात, मध्ये काही लावावं लागत नाही. कारखान्यातलं बाकीचं सगळं ह्या ठोकळ्यांवरून तपासायचं. त्यांना उघड्या बोटानं हात लावायचा नाही, शॅमॉय लेदरनं उचलायचं, काम झालं की पुसून पेट्रोलियम जेली लावून लाकडी पेटीत ठेवायचं. बाबा सगळं करायचे. पण एका शनिवारी घाईत कुठंतरी बोट लागलं. सोमवारी पेटी उघडली तर एका ठोकळ्यावर तपकिरी डाग. भिंगाखाली धरला तर तो डाग नव्हता, अंगठा होता. चक्र, रेघा, लहानपणी विळ्यानं कापल्याची तिरकी खूण, सगळं गंजात स्वच्छ उमटलेलं.

"साहेबाला कोणी केलं हे विचारायचीसुद्धा गरज पडली नाही," बाबा म्हणाले.

ज्यांच्या हाताच्या घामानं लोखंड गंजतं अशा कामगारांना कारखान्यांच्या इंग्रजीत 'रस्टर' म्हणतात. बाबांना तो शब्द माहीत होता. त्यांना स्टोअर्समध्ये पाठवलं, तिथून ते निवृत्त झाले. स्टोअर्समध्ये कागदाचं काम. कागद गंजत नाही, फुगतो.

आता उपायांचं. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून झाले, चहाच्या कोऱ्या काढ्यात बुडवून झाले. तळवे काही दिवस बदामी दिसले, बाकी फरक शून्य. डॉक्टरांनी दिलेलं ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण रात्री कोरड्या हाताला लावून झोपायचं, सकाळी धुवायचं. ते घर्मग्रंथींची तोंडं बुजवतं. काखेला छान चालतं म्हणे. माझ्या हाताला 'कोरड्या हाताला लावा' ही पहिलीच अट पाळता येईना. ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्यांनी हात आटोक्यात आले, पण तोंडही सुकलं. कॅश काउंटरवर दिवसभर बोलायचं आणि जीभ टाळूला चिकटलेली. बोटॉक्सच्या सुया तळहातावर घ्यायच्या, तेही दर काही महिन्यांनी, ह्याला खर्च आणि हिंमत दोन्ही नव्हतं. छातीतून दुर्बीण घालून नस तोडायचं किंवा चिमटवायचं ऑपरेशन असतं, त्यानं हात त्याच दिवशी कोरडे होतात. दवाखान्याच्या बाकावर एक मुलगा भेटला होता ते करून आलेला. त्यानं मला हात दाखवले, भाकरीसारखे कोरडे. मग उठून वळला. शर्ट पाठीला, कंबरेला पूर्ण चिकटलेला. "हातातून गेला तो इथं आला," म्हणाला. शरीर अशी भरपाई करतं आणि नस तोडली की परत जोडता येत नाही. मी घरी आले.

टिकलं ते आयन्टोफोरेसिस. नाव मोठं, काम साधं. दोन पसरट ट्रेमध्ये नळाचं पाणी घ्यायचं, दोन्हींत एकेक हात ठेवायचा आणि पाण्यातून बारीक वीज सोडायची, वीसेक मिनिटं. हातांना मुंग्या येतात, मनगटाशी पाण्याच्या रेषेवर चरचरतं. सुरुवातीला आठवड्यातून तीन-चारदा, मग एकदा. का चालतं याबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नाही, पण चालतं. पाण्यात क्षार हवेत; मऊ पाणी असेल तर चिमूटभर खायचा सोडा टाकावा लागतो. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी. त्या पाण्यानं दोन गीझर बाद केले, नळांना पांढरे शिंगोटे आणले, केस गळवले. मीटिंगमध्ये त्या पाण्याच्या नावानं सगळे बोटं मोडत असतात आणि मी गप्प असते.

यंत्रात हात घालायच्या आधी हातातलं सगळं धातूचं काढावं लागतं, अंगठी, सोन्याच्या बांगड्या. लग्नानंतर पहिल्या महिन्यात सासूबाईंनी मला बोडक्या हातांनी पाण्याच्या दोन ट्रेंसमोर बसलेलं बघितलं, वायर भिंतीतल्या प्लगमध्ये गेलेली. त्या तिथंच खुर्ची ओढून बसल्या. "मी आहे इथं," म्हणाल्या, "काही झालं तर बटण बंद करीन." पुढची चार वर्षं, त्या होत्या तोवर, दर आठवड्याला त्या बटणाशी बसल्या.

हात आता अर्ध्यावर आलेत. पूर्ण नाहीत. झोपेत मात्र तळहात पूर्ण कोरडे असतात, हा ह्या आजाराचा नियमच आहे. मला ते नवऱ्याकडून कळलं. माझा तो हात मी फारसा बघितलेला नाही, तो त्याच्याच ओळखीचा.

२०२० साल जगाला वाईट गेलं, त्यात माझीही माणसं गेली. तरी एक सांगते. त्या वर्षी हस्तांदोलन बंद झालं, मोठमोठे साहेब लांबून नमस्कार करायला लागले, आणि शाखेच्या दारात सॅनिटायझरची बाटली आली. आत येणारा प्रत्येक माणूस ओले हात चोळत यायचा. दीड-दोन वर्षं मी कुणाच्याही समोर हात उघडा ठेवला. विचारलंच तर, "आत्ताच सॅनिटायझर लावलंय." कुणी विचारलं नाही.

एक यंत्र मात्र काही ऐकेना. २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार कार्ड दिलं गेलं आणि तिथपासून अंगठा आपल्या आयुष्यात शिरला. रेशन, सिमकार्ड, आमच्या शाखेतली हजेरी. माझा अंगठा काचेवर ठेवला की यंत्र लाल होतं. पुस, फुंकर घाल, परत ठेव. त्यात मागं रांग, त्यामुळं आणखी पाणी. शिपाई रोज तोच विनोद करायचा, मॅडम तुम्ही नक्की तुम्हीच ना?

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले असतात. एका वर्षी एक आजी आल्या, शेतात राबलेल्या. बोटांवर रेघाच शिल्लक नव्हत्या, कातडी पोळपाटासारखी. दहाही बोटं झाली, यंत्र नाहीच म्हणे. आजी रडकुंडीला आल्या. "मी जित्ती हाय की गं!" ऑपरेटर म्हणाला, "फार कोरडं आहे मॅडम, जरा ओलसर पाहिजे." मी पाणी आणायला उठले आणि थांबले. त्यांचं बोट माझ्या दोन्ही तळव्यांत धरलं, थोडा वेळ तसंच ठेवलं. मग काचेवर. हिरवा दिवा लागला. आजी म्हणाल्या, "थंडगार हाय गं तुझा हात. बरं वाटलं."

हे मी घरी कुणालाच सांगितलं नाही. का, ते माहीत नाही.

गेल्या वर्षी माझी लेक, दहा वर्षांची, सिग्नलला उभी असताना म्हणाली, "आई, तू माझा हात का नाही धरत? मनगट का धरतेस? दुखतं." मी खाली बघितलं. खरंच, माझी बोटं तिच्या मनगटाभोवती, बाबांसारखीच.

नोव्हेंबरात बाबा दाखल्यासाठी शाखेत आले. ऑपरेटरनं अंगठा ठेवायला सांगितलं. लाल. "काका, हात पुसा." आम्ही दोघांनी एकदमच रुमाल काढले. परत लाल. तो अंगठा पोलादावर उमटला होता, काचेवर उमटायला तयार नव्हता. अलीकडं चेहऱ्यावरूनही दाखला निघतो, तो काढायचं ठरलं, आणि चेहरा टिपायचा फोन आणेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. तेव्हा मी विचारलं.

"बाबा, तुम्ही लहानपणी माझं मनगट का धरायचात? हाताला पाणी असतं म्हणून? मला कळू नये म्हणून?"

त्यांना प्रश्नच समजला नाही. "मग काय धरणार? पंजा निसटतो. तू साडेतीन वर्षांची होतीस, स्टेशनच्या चौकात तुझा हात निसटला माझ्या हातातून. ट्रक होता." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या आईला सांगितलं नाही मी. तेव्हापासून मनगट. मनगटाला हाड असतं, ग्रिप मिळते."

"कळू नये म्हणून नाही?"

"कळून काय होणार होतं?" बाबा म्हणाले. "तुझाही ओलाच होता की."

फोन आला, त्यांनी चष्मा काढला, पापण्या मिटल्या, उघडल्या. ते हयात असल्याची नोंद झाली. मी त्यांना सोडायला बाहेर आले. बँकेसमोरचा रस्ता आता सहापदरी आहे, मेट्रोच्या खांबांमुळं समोरून येणारं दिसत नाही, आणि बाबांची चाल मंदावलीय. मी त्यांचा पंजा हातात घेतला. दोन पावलं गेलो असू. दोन ओले हात, धरलेत असं वाटतही नव्हतं. दुभाजकापाशी रिक्षा आली, मी ओढायला गेले आणि माझ्या हातात फक्त त्यांची बोटं उरली, तीही सुटत चाललेली.

"अगं, मनगट धर," बाबा वैतागून म्हणाले.